चिमणी बाहेर, कावळा आत

मी आयुष्यभर दुसऱ्याचं बघून नाचलो आहे. कराडच्या शाळेत लेझमीच्या पथकात मला कायम तिसऱ्या रांगेत उभं करायचे. पुढच्या मुलाच्या कोपरावर डोळे ठेवून, त्याच्यामागून अर्धा ठेका उशिरा मी वाकायचो. गणपतीच्या मिरवणुकीत तेच, मित्रांच्या वरातीत तेच. इथे नॉर्थ कॅरोलिनात, केरीत राहायला आल्यावर मंडळाच्या दिवाळीत बायकोने बळेच स्टेजवर चढवलं, तेव्हाही तेच. व्हिडिओ पाहिला तर मी नाचतोय असं वाटतच नाही, कुणाची तरी नक्कल करतोय असं वाटतं. आणि ते खरंच आहे.

त्यामुळे ऑफिसातला सहकारी म्हणाला, ‘शनिवारी स्क्वेअर डान्स आहे, दोघं या’, तेव्हा मी लगेच सांगून टाकलं की बघायला येतो. हा गडी एका ओल्ड-टाइम, म्हणजे जुन्या अमेरिकन लोकधुना वाजवणाऱ्या बँडमध्ये बास वाजवतो, म्हणजे माणसाएवढं उंच ते उभं वाद्य. तो म्हणाला, ‘बघायला कुणी येत नाही. खुर्च्या आहेत, पण त्या बूट बदलायला.’ शेजारच्या टेबलावरची बाई हे ऐकून कपाळावर हात मारून घेत हसली. इथल्या बऱ्याच लोकांना स्क्वेअर डान्स आठवतो तो शाळेतल्या पी. टी.च्या तासाचा. रेकॉर्ड लावायची, आणि सहावीतल्या मुलांनी मुलींचे घामट हात धरून गोल फिरायचं. तिने मला गंभीरपणे विचारलं, ‘तुम्हाला कुणी जबरदस्ती केली आहे का?’

जबरदस्ती घरातून झाली. बायको म्हणाली, ‘जाऊ या की. जुलैच्या शनिवारी संध्याकाळी तुम्ही दुसरं काय करणार आहात?’

हॉल आमच्या घरापासून पाऊण तासावर, उत्तरेकडे, जिथे वसाहती संपून तंबाखू वाळवायच्या जुन्या लाकडी खोल्या शेतात वाकून उभ्या दिसायला लागतात तिथे. हा ग्रेंजचा हॉल. ग्रेंज ही 1867 साली सुरू झालेली शेतकऱ्यांची संघटना. खेड्याखेड्यांतून त्यांचे असे हॉल आहेत, आपल्याकडच्या चावडीची आणि तालमीची कामं एकत्र करणारे. पांढरा रंग उडालेल्या फळ्या, आत लाकडी जमीन, खिडक्यांत अडकवलेले चौकोनी पंखे. दारात कॉफीचा रिकामा डबा आणि माणशी 10 डॉलर टाकायची चिठ्ठी. मागच्या टेबलावर लोकांनी घरून आणलेले पदार्थ. हिने कोथिंबिरीच्या वड्या नेल्या होत्या. पहिल्या पंधरा मिनिटांत त्या संपल्या, त्यामुळे संध्याकाळ सुरू होण्याआधीच ती जिंकली होती.

बँड कोपऱ्यात सुरात लावून घेत होता. फिडल, बँजो, गिटार आणि आमचा बासवाला. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण वाजवणाऱ्याने ते हनुवटीखाली दाबलं नव्हतं, छातीशी टेकवलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. गजाखाली तारा जिथे घासल्या जातात तिथे लाकडावर राळेचा पांढरा थर साचलेला, चुलीच्या कडेला राख साचावी तसा. माझ्या मावसभावाने व्हायोलिन असं ठेवलं असतं तर त्याच्या गुरुजींनी त्याला बाहेर उभं केलं असतं. मी विचारलं, पुसत नाही का? फिडलवाला म्हणाला, पुसायला कशाला, आवाज आहे तो.

बँजोचं मला खरं कुतूहल होतं. बँजो म्हणजे बोटांत धातूच्या नख्या घालून सुसाट वाजवायचं वाद्य, अशी माझी समजूत. ती तीन बोटांची पद्धत ब्लूग्रास नावाच्या संगीतप्रकाराची. ती गाजवणारा अर्ल स्क्रग्ज याच राज्यातला आणि 1945च्या अखेरीस बिल मनरोच्या बँडमध्ये गेला तेव्हापासून लोकांच्या कानात बँजो म्हटलं की तेच वाजतं. ओल्ड-टाइम त्याच्या आधीचं. इथे बँजोवाली बाई हाताचा पंजा करून नखाने तार वरून खाली मारत होती आणि लगेच अंगठा सर्वांत वरच्या आखूड तारेवर टेकवून सोडत होती. त्या पाचव्या तारेची खुंटी दांडीच्या टोकाला नसते, दांडीच्या मध्येच बाजूला खोचलेली असते. तिचा स्वर बदलत नाही, ती आपली टिंग टिंग करत राहते. सतारीची चिकारीच! मी हे तिला सांगितलं, मग चिकारी म्हणजे काय तेही सांगावं लागलं. ती खूश झाली आणि म्हणाली, जुने बँजो भोपळ्याचेच असायचे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी भोपळा कापून त्यावर कातडं ताणलं, त्यातून हे वाद्य आलं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर वाढलेला माणूस मी, पण हे मला माहीत नव्हतं.

सात वाजता कॉलरने माइक हातात घेतला. कॉलर म्हणजे हाका देणारा. इथे हाका देणारी होती, साठीची, कमरेवर एक हात ठेवून बोलणारी बाई. नव्यांसाठी अर्धा तास शिकवणी. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, त्यात नवी आम्ही धरून नऊ.

चार जोड्या, चौकोनाच्या चार बाजूंना, तोंडं आत. बँडकडे पाठ केलेली जोडी पहिली, तिच्या उजवीकडची दुसरी, मग तिसरी, चौथी. जोडीतला पुरुष डावीकडे, बाई उजवीकडे. बाई-पुरुषच हवेत असं नाही. आमच्या शेजारी दोन मैत्रिणी एकत्र नाचत होत्या, कोण डावीकडे एवढंच त्यांनी ठरवून घेतलं. पुरुषाच्या डाव्या हाताला जी दुसऱ्या जोडीतली बाई येते ती त्याची ‘कॉर्नर’. आणि आपण जिथे उभे आहोत ती जागा म्हणजे ‘होम’. घर. काहीही झालं, कितीही भरकटलात, तरी शेवटी घरी यायचं. मग तिने गुरुकिल्ली सांगितली: कॉर्नरला डावा हात, जोडीदाराला उजवा हात. एवढं लक्षात राहिलं तर अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं शब्दांचं. ‘अलमांड लेफ्ट’ म्हणजे कॉर्नरचा डावा हात धरून एक फेरा. ‘डोसिडो’ म्हणजे एकमेकांना वळसा घालून पाठीला पाठ देत जागेवर यायचं. हा मुळात फ्रेंच शब्द आणि त्याचा अर्थही पाठीला पाठ असाच. ‘प्रॉमेनाड’ म्हणजे जोडीने हातात हात घेऊन चौकोनाला फेरी मारत घरी. हे सगळे शब्द फ्रेंच नृत्यशिक्षकांच्या मागोमाग अमेरिकेत आले. तिकडे युरोपात चार जोड्यांचे काद्रील नाच शिक्षकाकडे जाऊन आधी पाठ करावे लागत. कॉलर म्हणाली, हाक देण्याची कल्पना इथली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाचासाठी वाजवणारे काळे वादकच वाजवता वाजवता पुढची चाल ओरडून सांगायला लागले. मग शिक्षक नको, पाठांतर नको. ज्याला ऐकू येतं त्याला नाचता येतं.

मला हे वाक्य आवडलं नाही. ऐकून करणं हा माझा प्रांत नव्हे.

मग ‘स्विंग’. एकमेकांना धरायचं, दोघांचे उजवे पाय शेजारी शेजारी रोवायचे आणि डाव्या पायाने रेटा देत जागच्या जागी गरगर फिरायचं. अंग थोडं मागे झुकवायचं, दोघांनी एकमेकांचं वजन धरायचं. कॉलरने हे दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायच्या आत आमची ही फिरायला लागली होती. रत्नागिरीकडची बाई. गौरीच्या रात्री अंगण खणून काढणाऱ्या फुगड्या घातलेली. पाय जवळ, अंग मागे, हात ताठ, समोरच्याच्या भरवशावर स्वतःला सोडून द्यायचं. यात तिला नवीन काय होतं? नवीन मला होतं. मी पडू नये म्हणून ताठ उभा, आणि ती ओरडतेय, ‘अहो, मागे रेला, मागे! मी धरलंय!’

चक्कर येऊ नये म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, असाही नियम. ज्यांना डोळ्यांत बघायला संकोच वाटतो त्यांनी भुवयांकडे बघावं. मी संध्याकाळभर अनोळखी लोकांच्या भुवया पाहिल्या.

पहिल्या नाचाला आम्हाला चौथ्या जोडीच्या जागी उभं केलं. नव्यांना तिथेच ठेवतात, आणि त्याला कारण आहे. या जुन्या नाचांत पहिली जोडी उजवीकडच्या दुसऱ्या जोडीकडे पाहुणी जाते, तिच्याबरोबर काहीतरी करते, मग तिसरीकडे, मग चौथीकडे. त्यानंतर दुसऱ्या जोडीची पाळी. म्हणजे चौथ्या जोडीला आपली वेळ येईपर्यंत सगळं तीन वेळा बघून होतं. माझी तिसरी रांगच! मी निर्धास्त झालो.

फिडलवाल्याने गजाने तारांवर चार ठोके घासले, खरर-खरर, आणि सगळे एकदम सुरू झाले. कुणाचा एकट्याचा तुकडा नाही, टाळी मिळवायला कुणी पुढे येत नाही. चौघंही तीच धून धरून. धुनेचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. एक आवर्तन साधारण अर्ध्या मिनिटाचं, ते संपलं की परत पहिल्यापासून. दहा मिनिटं नाच चालला तर वीस आवर्तनं. ऐकायला बसलो असतो तर पाचव्याला कंटाळलो असतो, हे कबूल करतो. पण पायाखालची फळी हलत असताना ते एकसुरी राहत नाही. भजनात गजर रंगायला लागल्यावर शब्द संपून नुसता टाळ उरतो, तसं काहीसं होतं.

आता खेळ. चाल होती पिंजऱ्यातल्या चिमणीची. पाहुणी जोडी येते, चौघं हात धरून फिरतात, मग त्यातली बाई मध्ये उडी मारते, ती चिमणी. बाकी तिघं तिच्याभोवती गोल. पुढची हाक: चिमणी बाहेर, कावळा आत. म्हणजे बाई बाहेर, तिचा पुरुष मध्ये. आमच्या दोघांच्या तोंडून एकदम ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ निघालं आणि समोरच्या जोडीला वाटलं आमचं काहीतरी बिनसलं. आमच्या गोष्टीत चिऊ आत आणि काऊ बाहेर भिजत थांबतो. इथे कावळ्याला घरात घेतात, वर तो काव काव ओरडला तर जास्त मजा. तीनदा बघून झाल्यावर मी चौथ्यांदा झकास कावळा केला.

पण दोन पाहुणचारांच्या मध्ये ‘ब्रेक’ येतो आणि तो आठही जणांनी एकाच वेळी करायचा असतो. कॉर्नरला डावा हात, मग जोडीदाराला उजवा देऊन पुढे जायचं, पुढचीला डावा, तिच्या पुढचीला उजवा. पुरुष एका दिशेने, बायका उलट दिशेने, अशी साखळी. कोकणात गोफ विणतात तसं, फक्त दोऱ्या नाहीत. इथे मी नेहमीसारखा आधार शोधायला मान वर केली आणि कुणीच नव्हतं. समोरचा माणूस माझ्या उलट बाजूला होता, त्याचा उजवा माझ्या डाव्यासारखा दिसत होता, आणि तो करतोय ते मला त्याच क्षणी करायचं होतं, त्याच्यानंतर नव्हे. चौकोनाला मागची रांगच नसते. चारही बाजू पुढच्याच.

मी डाव्याऐवजी उजवा दिला. समोरच्या बाईला वळसा घालून आलेल्या दिशेने परत निघालो. मग माझ्या अंगावर दोन जण आले, आणि आमचा चौकोन दुधासारखा फाटला. बँड थांबला नाही. कॉलरही थांबली नाही, तिच्यापुढे आणखी चार चौकोन होते. आमच्यातली एक आजीबाई, ऐंशीच्या आसपास, पांढरे कॅनव्हासचे बूट. तिने माझं मनगट धरलं आणि भरल्या बसमधून पोराला ओढत न्यावं तसं मला माझ्या जागेवर नेऊन उभं केलं. ‘घर,’ ती म्हणाली. तेवढ्यात पुढची हाक आली आणि सगळे पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

नाच संपल्यावर मी माफी मागायला गेलो. तिने हात झटकला. ‘चुकलास त्याचं काही नाही. तू बघत बसलास. तिचं ऐक, आमच्याकडे नको बघू.’ कोरडा, हलका हात होता तिचा, पण मनगटावर पकड लक्षात राहावी अशी.

मध्यंतरात गोड चहा मिळाला. इथला गोड चहा म्हणजे बर्फ घातलेला साखरेचा पाक. पीचचा कॉबलर मात्र मी दोनदा घेतला. फिडलवाला बाहेर पायरीवर बसला होता, मी त्याच्याशेजारी बसलो. तो सांगत होता, या भागातल्या धुना तो जो थॉम्पसनच्या ध्वनिमुद्रणांवरून शिकला. थॉम्पसन इथून फार लांब नसलेल्या मेबनचा, 1918 ते 2012. फर्निचरच्या कारखान्यात नोकरी करत फिडल वाजवणारा काळा माणूस. चुलतभाऊ ओडेल बँजोवर. एके काळी मका सोलायला गाव जमलं की रात्री नाच व्हायचा, त्या नाचांना त्यांचं घराणं वाजवायचं. 2007 साली त्याला राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. त्याच्या घरी जाऊन शिकलेल्या तीन तरुण काळ्या कलाकारांनी कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड काढला, त्यांना पुढे ग्रॅमीही मिळाली.

हे ऐकताना मला आधी वाचलेलं आठवलं. मोटारवाल्या हेन्री फोर्डने 1920च्या दशकात या जुन्या नाचांचा मोठा प्रचार केला. नृत्यशिक्षक पदरी ठेवला, शाळांमधून हे नाच शिकवले जावेत म्हणून पैसा ओतला. कारण काय, तर त्याला जॅझचा तिटकारा होता आणि जॅझमागे ज्यूंचं कारस्थान दिसत होतं. म्हणजे काळ्या वादकांच्या हाकांवर चालणारा नाच त्याने गोऱ्या अमेरिकेचं सोवळं म्हणून नेसवला. 1982 साली तर रेगन यांनी कायद्यावर सही करून दोन वर्षांसाठी याला राष्ट्रीय लोकनृत्य केलं. ऑफिसातल्या त्या बाईच्या घामट हातांचं मूळ बहुधा फोर्डच्या पैशापर्यंत जात असणार. फिडलवाल्याला मी हे म्हणून दाखवलं. तो म्हणाला, ‘म्हणूनच शाळेत तो कुणाला आवडला नाही. तिथे बँड नसायचा, रेकॉर्ड असायची. रेकॉर्ड काही तुमची वाट बघत नाही.’

बँड वाट बघतो हे उत्तरार्धात कळलं. आम्ही चौकोन भरेपर्यंत बँजोवालीने सूर बदलायला पाचही तारा पुन्हा लावल्या, आणि कुणी कुरकुर केली नाही. मी चौथ्या जागेकडे निघालो होतो. आजीबाईने माझ्या पाठीला बोट लावून मला बँडकडे ढकललं. पहिली जोडी. ‘अहो, नको,’ मी हिला म्हणालो. ही म्हणाली, ‘आता उभे राहिलोय.’

बँड अगदी पाठीशी. बासचा आवाज कानाआधी टाचांना कळत होता. दिसायला समोर तीन जोड्या, सहा चेहरे, सगळे माझ्याकडे बघत. पहिल्यांदा करायचं मला होतं, त्यामुळे बघण्यासारखं जगात काही शिल्लक नव्हतं. म्हणून मी ऐकलं. कॉलर हाक देते ती हालचालीच्या थोडी आधी, दोन-तीन ठोके आधी, हे मला तेव्हा समजलं. पूर्वार्धात मी हाक ऐकून मग इतरांना बघून मग पाय उचलत होतो, म्हणून कायम मागे. आता हाक कानात पडली की पाय त्या ठोक्यावर पडायला मोकळे होते. उजवीकडे जा, चौघांचा गोल, चिमणी आत. ही उडी मारून मध्ये. चिमणी बाहेर, कावळा आत. मी आत. काव काव. ब्रेक. कॉर्नरला डावा. जोडीदाराला उजवा. पुढचा हात डावा, तो आलेलाच होता. त्यापुढचा उजवा, तोही. कुणाचा घामेजलेला, कुणाच्या बोटात अंगठी, एक सुतारकाम करणारा असावा असा खरखरीत. आजीबाईचा हात आला तेव्हा तिने तो किंचित दाबला. आणि चौकोनाच्या पलीकडच्या बाजूला ही समोर आली, वेळेवर, जिथे यायला हवी तिथेच. तिला घेऊन घरी.

एकदा डावा-उजवा चुकलाच. पण पुढची हाक यायच्या आत मी धावत घरी येऊन उभा होतो.

नाच कधी संपतो हे मी बासवाल्याला नंतर विचारलं. फिडलवाल्याकडे बघ, म्हणाला. आवर्तन शेवटचं असेल तर तो वाजवता वाजवता एक पाय समोर उचलतो. तेवढीच खूण. मग सगळे एकदम थांबतात. पुढच्या नाचाला मी तो पाय उचललेला पाहिला. तपकिरी बूट, शिवण उसवलेली, हवेत दोन विती वर.

शेवटी वॉल्ट्झ. ही पद्धतच आहे, रात्र वॉल्ट्झने संपते. पंखे बंद केले, दिवे अर्धे मालवले. खिडकीतून बाहेरच्या रातकिड्यांचा आवाज फिडलच्या मागे ऐकू यायला लागला. चौकोन मोडले, जोड्या नुसत्या तरंगत फिरू लागल्या. कॉलरने माइक खाली ठेवला आणि कोपऱ्यात पाणी पीत बसली. वॉल्ट्झला हाका नसतात.

मी हिचा हात धरला आणि खांद्यावरून त्या दोन मैत्रिणी पाय कसे टाकतात ते बघायला लागलो.

‘अहो,’ ही म्हणाली, ‘परत तिकडे काय बघताय?’